आपत्ती व्यवस्थापन कायदा: हुकूम कोणाचा, जबाब कोणाचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने माढा, मोहोळ, परंडा पट्ट्यातली शेतं, गोठे आणि घरं एकाच वेळी पाण्याखाली घातली. पुढचे पंधरा दिवस महाराष्ट्रात एकच मागणी गाजत होती: ओला दुष्काळ जाहीर करा. सरकारचं उत्तर होतं, असा प्रकार नियमावलीतच नाही, पण दुष्काळात देतो त्या सवलती देऊ. ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. चर्चेत दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या. पण नियमावली म्हणजे कुठली, ती कोण लिहितं, त्यात एखादी गोष्ट नसेल तर ती घालायची कोणी, हे प्रश्न तसेच राहिले.

या प्रश्नांची मुळं ‘आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५’ या कायद्यात आहेत. कायदा संसदेचा, पण राबवायचा राज्याने, जिल्ह्याने आणि महापालिकेने. त्यात २०२५ च्या मार्चमध्ये मोठी दुरुस्ती झाली, ती ९ एप्रिलपासून लागू झाली, आणि तिची बातमी बहुतेकांच्या नजरेतून निसटली. राज्यांना आता नवी प्राधिकरणं उभारायची आहेत, नवे नियम लिहायचे आहेत. म्हणजे राज्यपातळीवर आपत्तीचा कायदा सुधारायची संधी हीच आहे.

माझं मत आधीच सांगितलेलं बरं. या कायद्यात हुकूम कोणी द्यायचा हे बारकाईने लिहिलंय. हुकूम दिलाच नाही, उशिरा दिला किंवा चुकीचा दिला, तर जबाब कोणी द्यायचा, हे मोघम आहे. दुरुस्तीने पहिली बाजू आणखी पक्की केली. दुसरी बाजू राज्याने मनावर घेतली तरच सुधारेल.

## हा कायदा आला कुठून?

आपल्याकडे आपत्तीचे कायदे आपत्ती येऊन गेल्यावरच जन्मले आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तो पुण्यात पसरला, आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रजांनी साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांचा. ‘सरकारला योग्य वाटेल ते करता येईल’ एवढंच त्याचं सार. त्या अधिकारातून पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले, आणि त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. तोच कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी महाराष्ट्रात पुन्हा बाहेर काढला गेला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादची कितीतरी गावं नव्या जागी वसवावी लागली, जागतिक बँकेचं कर्ज आलं, आणि जिल्ह्यांनी आपत्तीचे आराखडे करायचे ही पद्धत महाराष्ट्रात रुजू लागली. कायदा मात्र झाला नाही. तो आधी केला गुजरातने. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर तिथे प्राधिकरण उभं राहिलं आणि २००३ मध्ये त्याला राज्याच्या कायद्याचा आधार मिळाला. बिहारनेही २००४ मध्ये स्वतःचा कायदा केला. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्या डिसेंबरात संसदेने देशभरासाठी एक कायदा केला.

यात एक गंमत आहे. घटनेत केंद्र आणि राज्य यांच्या कामांच्या याद्या आहेत. त्यांतल्या कुठल्याही यादीत ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा विषयच नाही. मग संसदेने कायदा केला कशाच्या आधारावर? समवर्ती सूचीतल्या ‘सामाजिक सुरक्षा व सामाजिक विमा’ या नोंदीवर. समवर्ती म्हणजे जिथे दोघांनाही कायदा करता येतो. आरोग्य, पोलीस, पाणी हे बहुतांश राज्याचे विषय, म्हणजे आपत्तीत प्रत्यक्ष राबणारी यंत्रणा राज्याची, आणि तिला बांधणारा कायदा केंद्राचा. विषय समवर्ती सूचीत स्पष्टपणे घाला, अशी शिफारस दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्येच केली होती. ती अजून शिफारसच आहे.

## कोण कोणाच्या वर?

गावच्या जत्रेची कमिटी डोळ्यांसमोर आणा. वर पंच असतात, ते वर्गणी आणि मोठे निर्णय ठरवतात. प्रत्यक्ष मांडव, पाणी, भांडी, हिशेब बघणारे कारभारी वेगळे. आणि वाडीवाडीत ज्याला हाक मारली की माणसं जमतात, असा एकेक जण असतो. कायद्याने नेमकं हेच केलंय. पंच म्हणजे राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, अध्यक्ष मुख्यमंत्री. कारभारी म्हणजे राज्य कार्यकारी समिती, अध्यक्ष मुख्य सचिव. वाडीवरचा माणूस म्हणजे जिल्हा प्राधिकरण, अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. दिल्लीतही याच नमुन्याचं राष्ट्रीय प्राधिकरण आहे, पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली.

खरी ताकद जिल्हाधिकाऱ्याकडे. रस्ते बंद करणं, कोणाच्याही आवारात शिरून शोध घेणं, ढिगारा उपसणं, खासगी बोट, ट्रक किंवा इमारत ताब्यात घेणं, सगळं त्याला करता येतं. ताब्यात घेतलेल्या वस्तूची भरपाई देणं कायद्याने बंधनकारक आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. निविदा न काढता तातडीची खरेदी करायचीही सोय आहे. जो अडथळा आणेल त्याला एक वर्षापर्यंत कैद. त्यामुळे कोणाचा जीव गेला तर दोन वर्षं.

पंचमंडळी मात्र क्वचित जमतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या प्राधिकरणाची फेररचना झाली, तेव्हा सगळी चर्चा एका उपमुख्यमंत्र्यांचं नाव आधी नव्हतं आणि नियम बदलून ते घातलं, यावर झाली. त्या प्राधिकरणाने मागच्या वर्षभरात काय ठरवलं, हे कोणी विचारलं नाही.

## यादीत असेल तरच पैसे

कायद्यातली ‘आपत्ती’ची व्याख्या ऐसपैस आहे: नैसर्गिक किंवा मानवनिर्मित, आणि स्थानिकांच्या आवाक्याबाहेरची. पण पैसे व्याख्येवर मिळत नाहीत, यादीवर मिळतात. केंद्राच्या यादीत १२ आपत्ती आहेत: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, टोळधाडीसारखा किडींचा हल्ला आणि थंडीची लाट. राज्याला स्वतःच्या काही आपत्ती जोडता येतात, पण त्यांच्यावर राज्य निधीतली १० टक्क्यांपर्यंतचीच रक्कम खर्च करता येते. महाराष्ट्राने अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचे उधाण आणि आकस्मिक आग अशा पाच जोडल्या. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस. मग ज्या गावात रोज ४० मिलिमीटर पडून पीक कुजलं त्याचं काय? म्हणून २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही आणखी एक राज्य आपत्ती झाली.

हे नीट पाहिलं तर ओल्या दुष्काळाच्या वादाचा निम्मा उलगडा होतो. पूर यादीत आहे, अतिवृष्टी यादीत आहे, दुष्काळ यादीत आहे. पण दुष्काळाबरोबर ज्या इतर सवलती येतात (वसुलीला स्थगिती, परीक्षा शुल्क माफी, वीजबिलात सूट) त्या पुराबरोबर आपोआप येत नाहीत. शेतकरी मागत होते त्या या सवलती. त्यासाठी कायदा बदलायची गरज नाही. राज्याने शासन निर्णय काढून ‘पुरालाही हेच’ असं कायमचं लिहून ठेवलं तरी पुरे. तसं लिहून न ठेवल्यामुळे दरवेळी आंदोलन आणि दरवेळी पॅकेज.

आता पैसा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५. तो अपुरा पडला की राज्य केंद्राकडे निवेदन देतं, केंद्रीय पथक पाहणीला येतं आणि राष्ट्रीय निधीतून काही मिळतं. (‘एसडीआरएफ’ हे नाव या निधीचंही आहे आणि बोटी घेऊन येणाऱ्या राज्य दलाचंही. बातमी वाचताना आधी ते तपासा.)

परंड्याच्या एका एकर जिरायत शेताचा हिशेब करू. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. नुकसान ३३ टक्क्यांहून कमी निघालं तर विषय संपला. जास्त निघालं तर केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, दोन हेक्टरच्या मर्यादेत. एक एकर म्हणजे ०.४० हेक्टर, म्हणजे ३,४०० रुपये. यादी तहसीलला जाते, संगणकावर चढते, त्यातून व्हीके नंबर म्हणजे विशिष्ट क्रमांक निघतो. तो घेऊन सेवा केंद्रात जाऊन अंगठा द्यायचा, केवायसी करायची. आधार बँक खात्याला जोडलेलं नसेल किंवा सातबाऱ्यावर मयत वडिलांचंच नाव असेल, तर पैसे अडकले. सामाईक खात्यात चार भाऊ असतील तर तिघांची संमतिपत्रं.

हे दर, ही ३३ टक्क्यांची अट, पंचनाम्याची मुदत, यातलं काहीही कायद्यात नाही. ते केंद्रीय गृह मंत्रालयाच्या निकषांत आणि राज्याच्या शासन निर्णयांत आहे. म्हणून पंचनामा दोन महिने रखडला तर कायदा मोडला असं म्हणता येत नाही.

कायद्यात मात्र एक भक्कम कलम आहे, १२ वं. छावणीत निवारा, अन्न, पाणी, औषधं, स्वच्छता यांची किमान पातळी, विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद, मृत्यू आणि घराच्या नुकसानीसाठी सानुग्रह मदत, या सगळ्यांची मार्गदर्शक तत्त्वं राष्ट्रीय प्राधिकरणाने द्यायलाच हवीत. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवून कोरोनामृतांच्या नातेवाइकांसाठी मदत ठरवायला लावली आणि ५० हजार रुपये ठरले. शेजारचं १३ वं कलम होतं कर्जाचं: भीषण आपत्तीत कर्जफेडीत सवलत द्या, अशी शिफारस प्राधिकरण करू शके. २०२५ च्या दुरुस्तीत ते काढून टाकलं. वायनाडच्या दरडग्रस्तांच्या कर्जमाफीवर केरळ उच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना केंद्राने हेच सांगितलं की ते कलम आता उरलेलं नाही. मराठवाड्यातल्या पूरग्रस्त शेतकऱ्यासाठी हा बदल पॅकेजच्या आकड्याहून मोठा आहे, आणि त्यावर आपल्याकडे जवळपास काहीच बोललं गेलं नाही.

## दुरुस्तीने काय बदललं?

पूर्वी राज्याची आपत्ती योजना मुख्य सचिवांची समिती करायची आणि प्राधिकरण मंजूर करायचं. आता योजना प्राधिकरणानेच करायची. राज्य पातळीवर आपत्तींची माहितीसाठा यंत्रणा ठेवायची. नागरिकाला ‘हे कर’ किंवा ‘हे करू नको’ असा निर्देश देण्याचा आणि न ऐकल्यास १० हजारांपर्यंत दंड करण्याचा अधिकार सरकारांना मिळाला. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाला थेट कायद्याचा आधार मिळाला.

दलाचं थोडं सविस्तर. पुण्याजवळ सुदुंबरे इथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) पाचवी बटालियन आहे. राज्य दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. नकाशा काढा आणि कोल्हापूर, सांगली, महाड, चिपळूण ही नावं शोधा. आपले पूर आणि दरडी एका बाजूला, आपलं दल दुसऱ्या बाजूला. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरात अडकलेले लोक गावातल्याच बोटीत बसून निघाले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं. ती उलटली आणि बायकामुलांसह अनेकांचा जीव गेला. पूर आला की पहिले काही तास गावाला स्वतःलाच काढावे लागतात. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात प्रवरेत बुडालेल्यांना शोधताना राज्य दलाचीच बोट उलटून जवान गेले, तेव्हा हे काम किती जोखमीचं आहे तेही कळलं. दल कायद्यात आलं हे चांगलंच. पण कायदा म्हणतो राज्य असं दल ‘उभारू शकेल’. किती तुकड्या, कुठे आणि गावच्या बोटीची जबाबदारी कोणाची, हे राज्याने लिहायचं आहे.

## शहरांसाठी नवं प्राधिकरण कशाला?

दुरुस्तीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. राज्याची राजधानी आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळं शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमता येईल. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी, बाकी सदस्य राज्य ठरवेल. महाराष्ट्रात २९ महापालिका आहेत, म्हणजे आपल्या साधारण एक तृतीयांश लोकवस्तीशी याचा संबंध येतो म्हटलं तरी फार चुकणार नाही.

गरज काय ते घाटकोपरने दाखवलं. १३ मे २०२४ च्या वादळात पेट्रोल पंपावर जाहिरात फलक कोसळला आणि १७ जण गेले. महापालिकेच्या धोरणात फलकाची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट. हा होता १२० बाय १२०. जमीन रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली. महापालिका म्हणाली आमची परवानगीच घेतली नव्हती. परवानगी रेल्वे पोलिसांकडून घेतलेली होती. दोन दिवसांत महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली रेल्वेला नोटिसा दिल्या की तुमच्या हद्दीतले मोठे फलक उतरवा. आणि इथेच थांबून विचार करायला हवा. कलम ३० खाली हा अधिकार आपत्ती टाळण्यासाठीही वापरता येतो. तो १२ मे रोजीही होता. फलक रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता.

म्हणजे अधिकार नव्हता म्हणून माणसं गेली, असं नाही. तो वापरला नाही तर कोणी विचारणारं नव्हतं. नव्या प्राधिकरणाने हद्दीचा घोळ थोडा कमी होईल, कारण निदान अध्यक्ष एकच असेल. (मुंबईत मात्र जिल्हे दोन, जिल्हाधिकारी दोन, उपाध्यक्ष कोण, हा प्रश्न सोडवावा लागेल.) विमानतळ, बंदर, रेल्वे यांना बैठकीला बोलावून त्यांच्याकडून काम करून घेता येईल का, हे आयुक्तांच्या वजनावर अवलंबून राहील.

आणि एक बोचरी गोष्ट. जिल्हा प्राधिकरणात निवडून आलेला माणूस सहअध्यक्ष असतो. शहराच्या प्राधिकरणात वरच्या दोन्ही खुर्च्या सनदी अधिकाऱ्यांच्या. महापौरांचा उल्लेख नाही. मार्च २०२२ नंतर मुंबईत कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक म्हणून आयुक्तच सगळं पाहत होते. तुंबलेल्या नाल्याची तक्रार कोणाकडे न्यायची हे लोकांना कळत नव्हतं. सदस्य कोण हे राज्याने ठरवायचं आहे, तेव्हा महापौर आणि प्रभाग समित्यांचे अध्यक्ष घालायला राज्याला कोणी अडवलेलं नाही.

## ‘संकटात लोकशाही कशाला? एकाने हुकूम द्यावा, बाकीच्यांनी ऐकावं’

हा आक्षेप मला अर्धा पटतो. पाणी चढत असताना बैठक बोलावून चालत नाही. जिल्हाधिकाऱ्याने रात्री दोन वाजता गाव हलवायचं ठरवलं तर ते हललंच पाहिजे. प्रश्न आहे तो पाणी उतरल्यानंतरचा.

२४ मार्च २०२० ला याच कायद्याखाली देशभर टाळेबंदी लागली. मुदतवाढीवर मुदतवाढ होत गेली. या कायद्यात ‘आपत्ती अमुक दिवशी सुरू झाली, तमुक दिवशी संपली’ असं जाहीर करण्याची व्यवस्थाच नाही. इतक्या दिवसांनी विधिमंडळाची मंजुरी घ्या, असंही कुठे म्हटलेलं नाही. अमेरिकेत राज्यांचे गव्हर्नर अशी आणीबाणी जाहीर करतात आणि तिला मुदत असते. कोरोनानंतर तिथल्या अनेक राज्यांत यावर वाद झाला. पेनसिल्व्हेनियात मे २०२१ मध्ये लोकांनी मतदान करून ही मुदत ९० दिवसांवरून २१ वर आणली. पुढे वाढवायची तर विधिमंडळाने हो म्हणायला हवं. २१ दिवस कमी आहेत असं म्हणता येईल, पण मुदत असावी की नाही यावर तरी दुमत नसावं.

आपल्या कायद्यात दाद मागायची वाटही अरुंद आहे. या कायद्याखालच्या कारवाईविरुद्ध फक्त उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. गुन्ह्याची तक्रार नागरिकाला करायची असेल तर आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षेचं कलम आहे, पण खटल्याला सरकारची पूर्वपरवानगी लागते. सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं, नाहीतर कोणी निर्णयच घेणार नाही. तरीही तालुक्याच्या गावातल्या माणसाला मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा कोल्हापूर गाठल्याशिवाय दादच नाही, हे फार झालं.

## ‘कायदा केंद्राचा आहे, राज्य काय करणार?’

बरंच काही. कलम ७८ राज्याला नियम करण्याचा अधिकार देतं, आणि ते नियम विधिमंडळासमोर ठेवावे लागतात. कलम १९ प्रमाणे मदतीची किमान पातळी राज्याला स्वतः ठरवता येते, फक्त ती राष्ट्रीय पातळीहून खाली नको. म्हणजे पंचनामा किती दिवसांत, छावणी बंद कधी करायची, सामाईक खात्यात कोणाला पैसे, हे सगळं नियमात बसवता येतं. एकदा नियमात आलं की उशीर हा नियमभंग ठरतो, आणि न्यायालयात विचारता येतो.

कलम ७० तर तयारच आहे. राज्य प्राधिकरणाने दरवर्षी अहवाल करायचा आणि सरकारने तो विधानसभा आणि विधान परिषद दोन्हीकडे ठेवायचा. पावसाळी अधिवेशनात एक दिवस त्या अहवालावर चर्चा, एवढी प्रथा पाडायला कुठल्याही दुरुस्तीची गरज नाही.

जिल्ह्याकडे माणसंही हवीत. आपत्तीचं काम बघणारा जिल्हा अधिकारी बऱ्याच ठिकाणी कंत्राटावर असतो. ज्याचं कंत्राट दरवर्षी नव्याने होतं, तो फलकमालकाला किंवा नदीपात्रात भराव टाकणाऱ्याला नोटीस काढा, असं जिल्हाधिकाऱ्यांना सांगायला धजावेल का?

## ‘पैसाच नाही तर कायदा काय करणार?’

पैसा आहे, पण तो आपत्तीनंतर सुटतो. आपत्ती आधीच सौम्य करण्यासाठी, म्हणजे भिंती बांधायला, वस्ती हलवायला, नाले मोकळे करायला, वेगळा निधी हवा, असं कायद्याने २००५ मध्येच सांगितलं. २०१६ मध्ये दुष्काळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो राष्ट्रीय निधी तीन महिन्यांत उभा करा म्हणून सांगितलं. तो प्रत्यक्षात आला २०२१ मध्ये. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीत एकूण सुमारे १ लाख ६० हजार कोटी ठेवले आणि त्यातले २० टक्के सौम्यीकरणाला दिले. म्हणजे रुपयातले चार आणेसुद्धा नाहीत, पण पूर्वी तेवढेही नव्हते.

हा पैसा कुठे लागतो? ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरसालवाडी. तिघांचा महिना एकच, जुलै, आणि तिन्ही सह्याद्रीच्या उतारावर. इरसालवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही, म्हणून यंत्रं वर नेता आली नाहीत. माणसांनी हातांनी माती उपसली. धोकादायक गावांची यादी कोणी करायची, दर किती वर्षांनी तपासायची, यादीत असलेल्या वाडीला पर्यायी जागा किती दिवसांत द्यायची, हे नियमात असतं तर निदान कोणाला तरी विचारता आलं असतं. ठाकर-कातकरी वाड्यांच्या बाबतीत तर जमीन वनखात्याची, घर नावावर नाही, त्यामुळे हलवायचं म्हटलं की पहिली अडचण कागदाची.

## ‘मग आपण काय बघायचं?’

शहरात राहत असाल तर तुमच्या महापालिकेसाठी शहरी प्राधिकरणाची अधिसूचना निघाली का, त्यावर सदस्य कोण आणि त्याला स्वतःचा पैसा किती, हे नगरसेवकाला विचारा. आमदाराला विचारा की कलम ७० चा अहवाल सभागृहात शेवटचा कधी ठेवला.

गावात असाल तर जिल्ह्याची आपत्ती योजना शोधा. ती दरवर्षी तपासून अद्ययावत करायची असते. बहुतेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळावर तिची पीडीएफ असते. नसेल तर माहितीच्या अधिकारात मागता येते. सुरुवातीची भूगोलाची शंभर पानं सोडून द्या. मागे परिशिष्टात बोटींची यादी असते: कुठल्या गावात किती, इंजिन आहे का, लाइफ जॅकेट किती, चालवणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर. मे महिन्यात त्यातल्या दोन-तीन नंबरांवर फोन लावून बघा.